शोरूमच्या वर्कशॉपमधली रात्रपाळी: नव्याने लागणाऱ्या मुलांसाठी

आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक ट्रेड करून पुण्या-पिंपरीकडच्या वर्कशॉपमध्ये लागलात आणि रात्रपाळी मिळाली, तर नाक मुरडू नका. कॅबवाल्याची गाडी दिवसभर लिफ्टवर राहिली की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र चुकत नाही. तीच गाडी संध्याकाळी घेऊन सकाळी तयार दिली, तर त्याचं घर चालतं. मला हे काम म्हणूनच आवडतं.

रात्री विचारायला कोणी नसतं. अ‍ॅडव्हायझर (गिऱ्हाइकाकडून गाडी आणि तक्रार घेणारा माणूस) घरी, पार्ट्स काउंटर बंद, गाडीमालक झोपलेला. त्यामुळे सगळी मदार जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि कामं लिहिलेल्या कागदावर. ‘ब्रेकचा आवाज’ एवढंच लिहिलेलं असेल तर अ‍ॅडव्हायझर निघायच्या आत गाठा. आवाज पुढून की मागून? सकाळी पहिल्यांदा की गाडी तापल्यावर? लागू शकतील ते ब्रेक पॅड, डिस्क काउंटरवरून आधीच काढून ठेवा आणि वाढीव खर्चाची मंजुरी संध्याकाळीच लेखी घ्यायला लावा. मंजुरी नसेल तर पार्ट बसवायचा नाही. फोटो काढा, पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये कार्डवर लिहा आणि इनचार्जला दाखवा.

ब्रेक आणि स्टिअरिंगची कामं मी बाराच्या आत उरकतो. तीननंतर डोळे जड होतात, तेव्हा साफसफाई, फिल्टर असली कामं. चाकांचे नट आणि सम्पचा (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा) बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने आवळायचा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, कितीही घाई असो.

रात्रपाळीत एक गोष्ट मिळते, ती दिवसपाळीला सहसा मिळत नाही: पूर्ण गार इंजिन. ‘सकाळी स्टार्ट केल्यावर खडखड होते’ ही तक्रार दिवसा सापडत नाही, कारण गाडी तापूनच आत येते. अशी गाडी संध्याकाळी बाजूला लावा, रात्रीत कोणी स्टार्ट करू नये म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा. पहाटे नुसतं इग्निशन ऑन करून स्कॅनरवर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी असली की इंजिन खरंच गार आहे. मग बॉनेट उघडून स्टार्ट करायला सांगा आणि कान द्या. दोन-तीन सेकंदांत आवाज थांबला तर तेल वर चढायला उशीर होतोय, आधी तेलाची पातळी आणि ऑइल फिल्टर बघा. थांबलाच नाही तर बेल्ट, टॅपेटकडे (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वळा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवलात, तर अ‍ॅडव्हायझर तोच मालकाला ऐकवू शकतो.