स्कॉटलंडची एका दिवसाची गाइडेड सहल: लॉख, किल्ले आणि गावं बघताना या चुका टाळा

एडिनबरा किंवा ग्लासगोहून सकाळी आठला निघायचं, लॉख (तिथली सरोवरं आणि खाड्या), किल्ले, गावं बघून रात्री आठपर्यंत परत यायचं. सहल तशी सुटसुटीत, तरी हिरमोड होतो. त्याचं कारण बहुतेक वेळा बुकिंगच्या पानावरच असतं. लोक ठिकाणांची नावं मोजतात, मधली अंतरं आणि तास बघत नाहीत.

जास्त नावं असलेली सहल निवडणं

एडिनबराहून सगळ्यात जास्त खपते ती 'लॉख नेस, ग्लेनको आणि हायलँड्स' ही सहल. तिचा फेरा साधारण 500 किलोमीटरचा, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाऊन-येऊन होईल त्याहून थोडा जास्तच, आणि निम्म्याहून अधिक रस्ता दुपदरी. बारा तासांतले सात-आठ तास बस चालूच असते. लॉख नेसपाशी दीड-दोन तास मिळतात, बाकी थांबे वीस ते चाळीस मिनिटांचे. डोंगर आणि माळरानं बघायची असतील तर ही सहल उत्तम, कारण ती खिडकीतूनही दिसतात. किल्ले आणि गावं निवांत बघायची असतील तर मात्र ती चुकीची निवड ठरते.

त्यांच्यासाठी पश्चिमेचा फेरा घ्या: लॉख लोमंडच्या काठावरचं लस (Luss) हे गाव, तिथून 'रेस्ट अँड बी थँकफुल' या खिंडीतून लॉख फाइनवरचं इन्व्हरेरी, मग लॉख ऑवरचा किलहर्न किल्ला, आणि परतीच्या वाटेवर डून किंवा स्टर्लिंगचा किल्ला. अंतर कमी, उतरायला वेळ जास्त. याच फेऱ्यात ओबान हे बंदराचं गाव जोडलं की दिवस पुन्हा घट्ट होतो, कारण किलहर्नपासून ओबान आणखी पस्तीसेक किलोमीटर पश्चिमेला आहे. स्काय बेट एडिनबराहून एका दिवसात करायचा विचारही करू नका. नुसतं पोचायलाच पाच तास लागतात. स्कायची एकदिवसीय सहल इन्व्हर्नेसहून करावी.

नकाशा न उघडता गृहीत धरणं

दोन घोटाळे नेहमीचे. पहिला लॉख लोमंडचा. एडिनबराहून ग्लेनकोला जाणाऱ्या बऱ्याच बस स्टर्लिंग-कॅलंडर मार्गानं जातात आणि लॉख लोमंड त्यांच्या वाटेत येतच नाही. ग्लासगोहून निघणाऱ्या बस ए82 रस्त्यानं त्याच्या काठाकाठानं जातात. लोमंड बघायचंच असेल तर सहलीच्या वर्णनात त्याचं नाव आहे का बघा, नाहीतर ग्लासगोहून निघा.

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. लॉख नेस 37 किलोमीटर लांब आहे. फोटोत दिसणारा अर्कर्ट किल्ला आहे ड्रमनाड्रॉकिट गावाजवळ, आणि पुष्कळ सहली थांबतात त्या दक्षिण टोकाच्या फोर्ट ऑगस्टसला, किल्ल्यापासून सुमारे 27 किलोमीटर अलीकडे. फोर्ट ऑगस्टसहून सुटणारी तासाभराची बोट किल्ल्यापर्यंत जात नाही. तिकीट काढून, डेकवर थंडीत उभं राहून लोक किल्ल्याची वाट बघत बसतात. किल्ला हवा असेल तर 'अर्कर्ट किल्ल्यात प्रवेश' किंवा 'किल्ल्यासह बोट' असं स्पष्ट लिहिलेली सहल घ्या. ती बोट बहुधा क्लॅन्समन बंदर किंवा डोखगॅरखहून सुटते. फोर्ट ऑगस्टसच पदरी आलं तर बोटीचा आग्रह सोडा. कॅलेडोनियन कालव्यावर ओळीनं पाच पाणदारं आहेत, बोटी टप्प्याटप्प्यानं वर चढतात किंवा खाली उतरतात. काठावर उभं राहून ते बघणं फुकट आहे आणि खरं सांगायचं तर जास्त रंजक.

'किल्ला' म्हणजे आत प्रवेश असं समजणं

सहलीच्या यादीत किल्ल्याचं नाव असण्याचे तीन अर्थ होतात: आत जायचं, बाहेरून बघायचं, किंवा रस्त्याकडेला फोटोपुरतं उतरायचं. किलहर्नचं पाण्यात प्रतिबिंब पडलेलं जे चित्र सगळीकडे दिसतं, ते लॉखच्या समोरच्या काठावरून घेतलेलं असतं. बस तिथे थांबली तर तुम्ही किल्ल्यात जाणार नाही हे नक्की. किल्ल्यात जायचं तर ए85 रस्त्यालगतच्या वाहनतळावरून रेल्वे पुलाखालून दहाएक मिनिटं चालावं लागतं. पावसानंतर त्या वाटेवर पाणी साचतं, कॅनव्हासचे बूट भिजतात. आत गेलात तर अंगणात उलटा पडलेला दगडी बुरूज बघा. अठराव्या शतकात वीज पडून तो कोसळला, तेव्हापासून तसाच आहे. हिवाळ्यात किल्ल्याचा आतला भाग बंद असतो.

प्रवेशशुल्क बहुतेक सहलींत धरलेलं नसतं. एडिनबरा, स्टर्लिंग, डून आणि अर्कर्ट हे किल्ले हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहेत. यांतले बरेचसे बघणार असाल तर त्यांचा एक्सप्लोरर पास सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडू शकतो. इन्व्हरेरी आणि आयलन डोनन हे किल्ले या पासात येत नाहीत. इन्व्हरेरी तर ड्यूक ऑफ आर्गाइल यांचं राहतं घर आहे. ते हिवाळ्यात बंद असतं आणि हंगामातही आठवड्यातले काही दिवस बंद ठेवतात. सहलीची तारीख पक्की करण्यापूर्वी किल्ल्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो वार तपासा.

अर्कर्टला वेळेचा आणखी एक हिशेब आहे. व्हिजिटर सेंटर वर आणि किल्ल्याचे अवशेष खाली पाण्याकाठी, मध्ये उतार. परत चढून यायला दहा मिनिटं धरा. आधी किल्ला बघून घ्या, वरची छोटी फिल्म उरलेल्या वेळात. 1692 मध्ये जॅकोबाइटांच्या (पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांच्या) हाती पडू नये म्हणून सुरुंग लावून हा किल्ला उडवला, त्यामुळे आत सजवलेली दालनं नाहीत. दालनं बघायची असतील तर स्टर्लिंगला जा.

दिवाळीच्या सुट्टीत उन्हाळ्याचं वेळापत्रक धरून जाणं

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळ तासभर मागे येतं, आणि त्यानंतर एडिनबऱ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. डिसेंबरात तर पावणेचारच्या आधीच, आणि उजाडायला पावणेनऊ होतात. बारा तासांच्या सहलीत उजेड सातच तास. नोव्हेंबरपासून अर्कर्टही चार-साडेचारच्या सुमारास बंद होतो, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. या दिवसांत लांबचा फेरा टाळा. लोमंड-स्टर्लिंगसारखी आठ-नऊ तासांची सहल घ्या आणि किल्ला दुपारी दोनच्या आत येतो का ते विचारा. मे महिन्याची सुट्टी मात्र फार चांगली: रात्री नऊपर्यंत उजेड, आणि मिजचा त्रासही अजून सुरू झालेला नसतो.

मिज म्हणजे डासापेक्षा लहान, थव्यानं चावणारी चिलटं. मेअखेर ते सप्टेंबर त्यांचं राज्य, जुलै-ऑगस्टमध्ये कळस. वारा पडला, ढग आले, जवळ पाणी असलं की ती निघतात. वारा सुटला की गायब होतात. 'स्मिज' किंवा पिकारिडिन असलेलं कोणतंही औषध बसमधून उतरण्यापूर्वी लावा, चावायला लागल्यावर नव्हे. छत्रीवर भिस्त ठेवू नका, ग्लेनकोच्या वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट आणि आत दोन पातळ थर पुरतात.

बसायची बाजू न विचारणं

गाइडला एवढंच विचारा: फेरा कोणत्या दिशेनं? कॅलंडरमार्गे उत्तरेला जाताना लॉख लुबनेग डावीकडे येतं, रॅनक मूर हे माळरान ओलांडून ग्लेनकोच्या दरीत शिरताना 'थ्री सिस्टर्स' ही शिखरंही डावीकडेच. ग्लासगोहून लोमंडच्या काठानं वर जाताना पाणी उजव्या हाताला. फेरा उलटा असेल तर सगळं उलट. गाडी लागत असेल तर पुढची जागा मागून घ्या. लोमंडकाठी टार्बेटच्या पुढे रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. उलटीची गोळी त्याच्या अर्धा-एक तास आधी, म्हणजे लसच्या थांब्याआधीच घ्यायला हवी.

'व्हेज सूप' म्हटल्यावर निर्धास्त होणं

जेवणाचा थांबा पाऊण-एक तासाचा, आणि अख्खी बस एकाच कॅफेत शिरते. आधी रांगेत उभे राहा, फोटो नंतर. शाकाहारी मंडळींची खरी फसगत सुपात होते. मसुराचं सूप दिसायला आपल्या आमटीसारखं, पण पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. स्कॉच ब्रॉथमध्ये बहुधा मटणाचं पाणी असतं आणि कलन स्किंक म्हणजे धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप. चिप्ससुद्धा काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात. म्हणून 'हे व्हेज आहे का' एवढ्यावर थांबू नका. 'स्टॉक कशाचा आहे' आणि 'तळता कशात' हे दोन प्रश्न विचारा. निर्धोक पर्याय: बेक्ड पोटॅटो आणि चीज, चीज टोस्टी, स्कोन. हॅगिस मूळचं मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं, पण शाकाहारी हॅगिसही मिळतं, डाळी-ओटचं असतं आणि चवीला बरं लागतं. सोबत दशम्या, चटणी, चिवडा असला तर चिंताच नको, फक्त बसमध्ये वासाचं काही उघडू नका. लहान बसमध्ये शौचालय नसतं, प्रत्येक थांब्यावर जाऊन या.

वेळेशी खेळणं

गाइडनं सांगितलेली वेळ बस सुटायची असते, तुम्ही जमायची नव्हे. सोळा आसनी बसमध्ये गाइड आणि चालक एकच माणूस असतो आणि त्याच्या विश्रांतीचे नियम कायद्यानं बांधलेले आहेत. दोन प्रवासी वीस मिनिटं उशिरा आले की पुढचा थांबा कापला जातो.

परतीच्या रात्रीची ट्रेन किंवा विमान ठेवू नका. ए82 वर अपघात झाला की पर्यायी रस्ता बराच लांबचा वळसा घालू शकतो. रेस्ट अँड बी थँकफुल खिंडीत दरडी कोसळतात आणि वाहतूक खालच्या जुन्या लष्करी रस्त्यानं एका वेळी एका दिशेची सोडतात. लंडनहून रात्रीच्या ट्रेननं येऊन सकाळची आठची बस पकडायचा बेतही तसाच धोक्याचा. आदल्या रात्री मुक्काम करा. तिकीट आणि निघायच्या जागेचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, रॅनक मूरवर रेंज जाते.

बुकिंगच्या आधीच्या किरकोळ गोष्टी

पाच वर्षांखालच्या मुलांना अनेक लहान बसवाले घेत नाहीत. घरात लहान मूल असेल तर मोठ्या कोचची सहल शोधा. युरोप फिरायला घेतलेला शेंगेन व्हिसा स्कॉटलंडला चालत नाही, भारतीय पासपोर्टवर यूकेचा वेगळा व्हिसा लागतो. ऑगस्टमध्ये एडिनबऱ्यात महोत्सव असतो, तेव्हा बसही भरतात आणि हॉटेलंही. गाइडला टीप ऐच्छिक आहे, आवडल्यास दहा टक्क्यांच्या आसपास देतात.

सुटे पैसे परत घेताना स्कॉटिश बँकांच्या नोटा मिळतात. त्या पौंडच आहेत, पण इंग्लंडमधले काही दुकानदार घ्यायला कां-कूं करतात आणि भारतात बदलून मिळणं अवघड जातं. त्या स्कॉटलंडमध्येच खर्च करा, किंवा तिथल्या बँकेत देऊन बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घ्या.