माड तोडण्यापूर्वी त्याची उंची कशी मोजावी

घराशेजारचा जुना माड तोडायचा असेल, तर तो आडवा झाल्यावर छपरापर्यंत किंवा विजेच्या तारेपर्यंत पोहोचेल का, हे कुऱ्हाड लावण्यापूर्वीच कळायला हवे. त्यासाठी शाळेत शिकलेले टॅन हे एकच गुणोत्तर (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) पुरते. आकडेमोडीत फारसे काही बिघडत नाही. चूक होते ती उभे राहण्याच्या जागेत आणि अंतर मोजण्यात.

कोन मोजण्याचे साधन कंपासपेटीतून तयार होते. अर्धवर्तुळाकार कोनमापकाच्या सरळ कडेला शहाळ्याची नळी चिकटवावी आणि कडेच्या मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याच्या टोकाला एखादा जड नट बांधावा. नळी क्षितिजसमांतर धरली की हा ओळंबा ९० अंशांवर येतो. नळीतून माडाचा शेंडा दिसू लागल्यावर दोरा स्थिर होऊ द्यावा आणि आकडा सोबतच्या माणसाला वाचायला सांगावा. तो आकडा आणि ९० यांतील फरक म्हणजे उन्नत कोन.

समजा, माडापासून १४ मीटरवर उभे राहिल्यावर हा कोन ४० अंश आला. टॅन ४० ची किंमत ०.८३९ असल्याने गुणाकार सुमारे ११.७५ मीटर येतो. ही उंची डोळ्याच्या पातळीपासूनची असल्यामुळे तीत जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे १.५ मीटर मिळवावे लागतात, आणि माड साधारण १३.२५ मीटरचा ठरतो. मोबाइलवर टॅन काढताना गणकयंत्र अंशांत आहे ना, ते पाहून घ्यावे. रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात असेल तर टॅन ४० चक्क उणे येतो, आणि ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते.

लक्षात न येणारी चूक कोनाची असते. घरगुती साधनात एका अंशाचा फरक सहज पडतो. १० मीटर उंचीसाठी ४५ अंशांच्या आसपास त्या एका अंशाने सुमारे ३५ सेंटिमीटरचा फरक होतो, तर माडाच्या फार जवळ जाऊन ७० अंशांचा कोन घेतल्यास तो ५४ सेंटिमीटरवर जातो. फार लांब जाऊन २० अंशांवर मोजले तरी तेवढाच. म्हणून कोन ४५ च्या जवळपास येईल अशीच जागा निवडावी.

कोकणातल्या उताराच्या परसात मोजपट्टी जमिनीवर टाकून चालत नाही. ती आडवी, ताणून धरावी. बुंधा डोळ्याच्या पातळीखाली बराच खोल असेल, तर बुंध्याचा अवनत कोन, म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून खालचा कोनही मोजावा आणि दोन्ही कोनांच्या टॅनची बेरीज आडव्या अंतराने गुणावी. मग डोळ्याची उंची वेगळी मिळवू नये.

माड क्वचितच सरळ असतो. तो आपल्याकडे झुकलेला असेल तर उंची जास्त भरते, विरुद्ध बाजूला झुकलेला असेल तर कमी. यासाठी शेंड्याच्या नेमका खाली येणारा जमिनीवरचा बिंदू शोधून अंतर तिथपासून घ्यावे. शिवाय पडताना धोका उंचीचा नसून लांबीचा असतो: शेंडा बुंध्यापासून ३ मीटर बाहेर गेलेला असेल आणि उंची १२ मीटर असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार लांबी किमान १२.३७ मीटर होते. खोड वाकडे असल्यास ती आणखी वाढते.

बुंधा कुंपणापलीकडे असेल, तर एकाच सरळ रेषेत दोन ठिकाणांहून कोन घेण्याची पद्धत पुस्तकांत असते. सपाट जमिनीवर १० मीटर पुढे गेल्यावर कोन ३० वरून ४५ झाला, तर डोळ्याच्या पातळीपासूनची उंची १३.६६ मीटर येते. मात्र पहिला कोन प्रत्यक्षात ३१ असेल तर हेच उत्तर १५.०५ होते. एवढी तफावत तोडणीसाठी परवडणारी नाही, त्यामुळे शक्यतो शेजाऱ्याला विचारून कुंपणाच्या आत जावे आणि अंतर मोजपट्टीनेच घ्यावे.