लिनक्सला डिस्क दिसेना? आधी बायोसची तारीख बघा

आमच्याकडे खेड्यात दिवसातून चारदा लाइन जाते, आणि मदरबोर्डवरचा, तारीख नि सेटिंग जपणारा ३ व्होल्टचा बटन सेल कधी संपला ते कळतही नाही. मग एके सकाळी लिनक्स ‘इनिटरॅमएफएस’च्या (डिस्क सापडेपर्यंत चालणारी सुरुवातीची छोटी सिस्टीम) काळ्या पडद्यावर अडकून बसतं. घाईत फॉरमॅट मारू नका, डेटा बहुधा शाबूत असतो. बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू, उघडा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बहुधा सेल गेला, आणि त्यासोबत तुमची सेटिंगही पुसली गेली. काही इंटेल मशीनवर मग ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडायचा) मोड लागतो आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एनव्हीएमई डिस्क (थेट बोर्डात बसणारी वेगवान एसएसडी) दिसतच नाही. प्लग काढून सीआर२०३२ सेल बदला, मग बायोसमध्ये डिस्कचा मोड ‘एएचसीआय’ (साधा, रेडविना) करा. बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर प्लग काढून डिस्कची केबल, किंवा एनव्हीएमई असेल तर डिस्कच, काढून, धूळ पुसून, घट्ट बसवा. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर ग्रबमधून (लिनक्स सुरू होण्याआधीचा मेनू) जुना कर्नल निवडा.