लहान मुलांचा हट्ट आणि आपण मोठी माणसं: या चुका टाळा

मी बालवाडीत शिकवते, नऊ वर्षं झाली, आणि तरीही माझ्याच पोराने पावणेतीन वर्षांचा असताना नणंदेच्या घरी भर पंगतीत असं भोकाड पसरलं की बसायचा पाट उचलून तोंड लपवावंसं वाटलं. झालं काय, तर मी सवयीने पोळी अर्धी फाडून त्याच्या ताटात वाढली. त्याला अख्खी हवी होती. दुसरी अख्खी दिली तर ती नको, हीच पाहिजे, हीच जोड. आता फाडलेली पोळी कुठून जोडणार! मग लोळण, लाथा, वरणाची वाटी उपडी. आजूबाजूला अकरा माणसं. सासूबाई म्हणाल्या दे गं त्याला काय हवं ते, मामेसासरे म्हणाले एक ठेवून दे आत्ता सरळ होईल, कुणीतरी आमच्या वेळी नव्हतं हो असलं म्हणालं, आणि मी काय केलं, तर मोबाईल काढून हातात दिला. दोन सेकंदात शांत. रोज आयांना मोबाईल देऊ नका म्हणून सांगणारी मी!

रात्री विचार करताना कळलं की तो मोबाईल मी पोराला दिलाच नव्हता, त्या अकरा माणसांना दिला होता. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे, बघा तुम्हालाही पटतंय का.

रडणं टिपेला असताना समजावत बसणं

"बघ बाळा, पोळी फाडली तरी चव तीच असते ना" वगैरे. अहो, त्याला त्या क्षणी काहीही ऐकू जात नसतं. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला माणसाला पंचविशी गाठावी लागते, हे तर दोन-तीन वर्षांचं लेकरू. तेव्हा शब्द कमी करा. त्याच्या उंचीला खाली बसा, वाटी-चमचा लांब सरकवा, "तुला अख्खी हवी होती, राग आला" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. जवळ घेऊ दिलं तर घ्या, नाही दिलं तर नुसतं शेजारी बसा. बोलायचं ते नंतर, शांत झाल्यावर, तेही दोन वाक्यांत.

दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वीस मिनिटं रडल्यावर चॉकलेट मिळालं की मूल शिकतं की वीस मिनिटं रडायचं असतं. आणि कधी मिळतं, कधी नाही असं झालं तर अजूनच वाईट, लॉटरीसारखं. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं, अधूनमधून दाणा मिळाला की ती सवय सुटता सुटत नाही. म्हणून द्यायचं असेल तर पहिल्यांदा मागितल्यावरच हसत द्या, नसेल द्यायचं तर शेवटपर्यंत नाही. आणि एक सांगून ठेवते, तुम्ही ठाम राहायला लागलात की पहिले काही दिवस हट्ट वाढतो. विझताना दिवा मोठा होतो तसं. नेमकं तेव्हाच "आमच्याकडे उपाय चालत नाही" म्हणून आईबाबा माघार घेतात.

आता आजी-आजोबांचं. आपण नाही म्हणायचं आणि आजीने पदराआडून खाऊ काढायचा हे घरोघरी आहे, त्यावरून पोरासमोर भांडू नका प्लीज. सगळ्या घराने मिळून फक्त तीन नियम ठरवा: मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, जेवताना मोबाईल नाही. बाकी लाड करू देत आजीला, तिचा हक्क आहे तो.

चावणाऱ्याला चावून दाखवणं

खरंच सांगतात हो लोक, "तूही चाव म्हणजे कळेल." कळतं ते एवढंच की मोठी माणसंपण चावतात. या वयात शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. आधी ज्याला चावलंय त्याला जवळ घ्या, मग चावणाऱ्याला थोडक्यात, "चावायचं नाही, दुखतं." आणि वेळ लिहून ठेवा. आमच्या वर्गात एक पोरगा रोज कुणाला तरी चावायचा, आठवडाभर वहीत लिहिलं तर वेळ नेहमी साडेअकराच्या आसपास, डब्याच्या आधी, आणि जागा तो कोपरा जिथे सगळ्यांना हवा असलेला लाल ट्रक एकच होता. डबा पंधरा मिनिटं अलीकडे आणला, ट्रक दोन केले. चावणं जवळजवळ थांबलं. पोरगा तोच होता बरं.

चापट, बागुलबुवा, पोलीसकाका, "डॉक्टर सुई टोचतील" यांचंही तसंच. भीतीने मूल गप्प होतं, शहाणं होत नाही, आणि मग खऱ्या लसीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच आरडाओरडा सुरू. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला छडीशिवाय बालमंदिर चालवलं, आपल्याला तर घरात एक-दोनच मुलं सांभाळायचीत. आणि हो, पडल्यावर "हात्त जमीन" म्हणून जमिनीला मारणं, तेही सोडा.

झोप आणि पोट न बघणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे 1-2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास आणि 3-4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. आपल्याकडे बाबा साडेनऊला घरी येतात, मग खेळ, मग साडेअकराला झोप आणि सकाळी साडेसातला शाळेसाठी उठवणं. दुपारचा एक तास धरला तरी नऊच झाले. मग संध्याकाळी किरकिर नाही होणार तर काय. शी कडक होत असेल, दूध जास्त आणि जेवण कमी असेल तरी मूल चिडचिडं होतं. स्क्रीन 2 वर्षांखाली नकोच, पुढे 5 वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, आणि बंद करताना हिसकावू नका, "हे गाणं संपलं की बंद" असं आधी सांगा आणि बटण त्यालाच दाबू द्या.

सगळंच "वयाचं आहे" म्हणून सोडणं

वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही, 2 वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, येत असलेले शब्द गेले, स्वतःचं डोकं सारखं आपटून घेतं, रडता रडता श्वास धरून निळं पडतं, यातलं काही असेल तर शेजारणीला विचारू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. श्वास धरणाऱ्या मुलांमध्ये कधी कधी लोह कमी निघतं. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडी ताईंना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते.

आणि तुम्ही त्या अकरा माणसांपैकी असाल ना, तर सल्ला देऊ नका, सांडलेलं वरण पुसा. नाहीतर त्या आईचं ताट झाकून ठेवा.

यंदा दिवाळीत परत नणंदेकडे जेवायला गेलो. पोरगा आता साडेतीनचा. नणंदेने पोळीचा डबा त्याच्यासमोर धरून विचारलं, "अख्खी देऊ का फाडून?"

"फाडून," म्हणाला.