थिन फिल्मचा सीबेक गुणांक मोजताना या चुका टाळा

सीबेक गुणांक म्हणजे तापमानाच्या प्रत्येक केल्विन फरकामागे पदार्थाच्या दोन टोकांमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज. फिल्मच्या दोन टोकांमधील तापमानाचा एकच फरक घ्यायचा, मीटरवरील व्होल्टेजला त्या फरकाने भागायचे आणि येणारा आकडा वहीत सीबेक गुणांक म्हणून लिहायचा, ही चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे असताना, आमच्या प्रयोगशाळेत बिस्मथ टेल्युराइड या उष्णतेपासून वीज बनवणाऱ्या पदार्थाच्या पातळ फिल्मवर काम चालू होते. अर्ध्या केल्विनच्या फरकावर एका विद्यार्थ्याला सकाळी ९० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन मिळाले आणि दुपारी त्याच फिल्मवर १२०. फिल्म बिघडली असे समजून त्याने नवी बनवली आणि त्यात आठवडा गेला. पुढच्या वेळी मी शेजारी बसलो, तेव्हा कोणीतरी कूलर बंद केला आणि मीटरवरील ६० मायक्रोव्होल्टचा आकडा दहा मिनिटांत ४५ वर उतरला. जोडणीत एक लोखंडी क्लिप होती आणि कूलरचा झोत तिच्या एकाच टोकावर येत होता. लोखंड आणि तांबे यांच्या जोडांमध्ये एका अंशाचा फरक पडला, तरी दहाहून अधिक मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. आपण मोजत असलेला संकेतच ४५ असेल, तर ही चूक लहान राहत नाही.

तेव्हापासून मी क्लिपा वापरू देत नाही. नमुन्यापासून मीटरपर्यंत तांब्याची अखंड तार हवी. मांडणीवर थर्माकोलची पेटी पालथी घालून, कूलर बंद करून वीस मिनिटे थांबावे लागते, आणि मे महिन्यात ती वीस मिनिटे जड जातात हे मला ठाऊक आहे. त्यानंतर उणे तीन ते अधिक तीन केल्विनपर्यंत सात-आठ फरक घ्यावेत, तापमानफरकाविरुद्ध व्होल्टेजचा आलेख काढावा आणि गुणांक त्या रेषेच्या उतारावरून ठरवावा. स्थिर राहणारे परके व्होल्टेज उतारात येत नाही, ते रेषेला शून्यापासून बाजूला सरकवते. ती सरक किती आहे हेही लिहून ठेवावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यामुळे आकडा आकर्षक येतो. सिलिकॉन वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, बसवलेल्या फिल्मने अचानक ४०० ओलांडले, तर मी अभिनंदन करण्याआधी वेफर तपासतो. मंद डोपिंगच्या, म्हणजे थोडीच अशुद्धी मिसळलेल्या, सिलिकॉनचा स्वतःचा गुणांक कित्येकशे मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन असतो. फिल्म अर्धा मायक्रॉन जाड आणि वेफर अर्धा मिलिमीटर, म्हणजे हजारपट जाड. दोन थर समांतर जोडलेले असताना एकत्रित आकड्यात प्रत्येकाच्या गुणांकाचा वाटा त्या थराच्या एकूण विद्युत वाहकतेच्या प्रमाणात असतो. दोघांमधला विद्युतरोधक ऑक्साइडचा थर सूक्ष्म छिद्रातून किंवा कापलेल्या कडेवरून फुटला की आपण वेफर मोजत असतो आणि नाव फिल्मचे लावत असतो. फिल्म बसवण्याच्या त्याच खेपेत शेजारी एक काचपट्टी ठेवावी आणि तिच्यावरील फिल्म आधी मोजावी, हा माझा आग्रह आहे. त्यासाठी वेळ नाही असे सांगणाऱ्याला मी पुढचे मोजमाप करू देत नाही.

फिल्मवर नुसते टेकवलेले थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमापक, स्वतःच्या तारेतून उष्णता ओढते आणि फरक कमी दाखवते, त्यामुळे गुणांक फुगतो. तार बारीक घ्यावी. टेल्युरियम बिस्मथपेक्षा सहज उडून जाते, म्हणून बाष्पीभवनाने बनवलेल्या फिल्मचे घटक-प्रमाण मूळ पावडरीवरून गृहीत धरू नये. त्याच पदार्थाच्या जाड ठोकळ्याची उष्णतावाहकता उसनी घेऊन फिल्मचा झेडटी (उष्णतेपासून वीज बनवण्याच्या क्षमतेचा निर्देशांक) काढणे मला मान्य नाही. चिन्हाबाबत, एन-प्रकारात, म्हणजे इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात अशा पदार्थात, गरम टोक धन असते आणि गुणांक ऋण लिहिला जातो.

नव्या मांडणीवर पहिला नमुना कॉन्स्टंटन या तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा असावा. खोलीच्या तापमानाला तांब्याच्या तारांनी तो सुमारे उणे ४० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन दाखवतो आणि तांब्याच्या तारांचा स्वतःचा सुमारे १.८ गुणांक मिळवल्यावर उणे ३८च्या आसपास येतो. एवढे जुळेपर्यंत मी फिल्म डब्याबाहेर काढू देत नाही.