बडोद्याला बदली: घर बघण्याआधी काय काय बघायचं

नोकरीचं पत्र हातात आलं की घरांच्या जाहिराती उघडण्याआधी बडोद्याचा नकाशा उघडा आणि त्यावर दोन रेघा शोधा. एक मुंबई-अहमदाबाद रेल्वेची, बऱ्यापैकी सरळ. दुसरी विश्वामित्रीची, इतकी वेडीवाकडी की ती शहरात कुठे कुठे वळते हे जुन्या बडोदेकरालाही चटकन सांगता येत नाही. घर, शाळा आणि ऑफिस या तिन्ही गोष्टी या रेघांच्या एकाच बाजूला बसल्या तर उत्तम. नाहीच बसल्या, तर शाळा आणि घर एका बाजूला ठेवा, पूल ऑफिसला जाणाऱ्याने ओलांडावा. तो दिवसातून दोनदाच जाणार-येणार. घरातल्या बाकीच्यांना शाळा, क्लास, भाजी, दवाखाना यांसाठी दिवसभर खेपा घालायच्या असतात. शिवाय जोराचा पाऊस झाला की अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) पाण्याने भरून बंद होतं आणि सगळी गर्दी जेतलपूरच्या आणि दांडिया बाजारच्या पुलांवर लोटते. त्या दिवशी मूल शाळेत अडकलं तर कोण आणणार, हा प्रश्न घर ठरवतानाच सोडवून ठेवा.

बडोद्यात ज्यांचे कोणी नातेवाईक आहेत त्यांना एकच सल्ला मिळेल, “अलकापुरीत बघ.” सल्ला चुकीचा नाही, जुना आहे. अलकापुरी, रेसकोर्स हा भाग आता मुख्यतः ऑफिसं, दवाखाने आणि हॉटेलांचा झाला आहे. भाडं जास्त, गाडी लावायला जागा कमी आणि संध्याकाळी मुलांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न आहेच.

त्यापेक्षा कामाची जागा कुठल्या दिशेला आहे ते आधी धरा. बडोद्याचे कारखाने चारही बाजूंना पसरले आहेत, त्यामुळे एकच भाग सगळ्यांना सोयीचा असं इथे नाही. मकरपुरा जीआयडीसीत (आपल्या एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत) नोकरी असेल तर मांजलपूर आणि तरसाली सोडून लांब जायचं कारण नाही. सावली किंवा मंजुसरला जायचं असेल तर समा, हरणी, न्यू व्हीआयपी रोड. हालोलला जायचं असेल तर कारेलीबाग आणि हरणी, कारण तिथून गोल्डन चोकडीला लागून हायवे ओलांडला की हालोल रोड सरळ आहे. वाघोडियाकडच्या कंपन्या आणि कॉलेजांसाठी वाघोडिया रोड. कोयलीची रिफायनरी, खताचा कारखाना किंवा नंदेसरी असेल तर गोरवा, सुभानपुरा, गोत्री, निझामपुरा. या बाजूला मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या वसाहती आहेत. क्वार्टर मिळत असेल तर पहिली दोन वर्षं ते घ्यावं असं माझं मत. मात्र रासायनिक कारखान्यांच्या जवळ घर घेणार असाल आणि घरात कोणाला दमा असेल, तर त्या भागात रात्री दहानंतर आणि पहाटे एकदा उभं राहून वास घेऊन या. दुपारी गेलात तर काहीच कळणार नाही.

कंपनीची बस असेल तर एचआरकडून घर मागू नका, बसचा रूट मागा. स्टॉपपासून चालत दहा मिनिटांच्या आत घर मिळालं तर पहाटेच्या पाळीला घरातल्या कुणाला उठून सोडायला जावं लागत नाही. भरूच, अंकलेश्वर किंवा आणंदला नोकरी आणि बिऱ्हाड बडोद्यात असं ‘अपडाऊन’ करणारे इथे खूप आहेत. त्यांनी स्टेशनपासूनचं अंतर आधी मोजावं. तुमची गाडी मुख्य स्टेशनवर थांबते की विश्वामित्री, मकरपुरा किंवा छायापुरीला, तेही पाहावं. या स्टेशनांमध्ये अख्खं शहर आडवं येतं.

आता पाणी. या एका मुद्द्यासाठी बाकीचे सगळे बाजूला ठेवले तरी चालतील. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि शहर बुडालं. 2024 च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा तेच, आणि त्या वेळी पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहिलं. बाहेरून आलेल्या माणसाला हेच लवकर कळत नाही. विश्वामित्रीला पाणी पावागडाकडून, आजवा आणि प्रतापपुरा तलावांतून येतं. शहरात ऊन पडलेलं असताना वरचं पाणी उतरतं आणि नदी फुगते. समा, फतेहगंज, कारेलीबागेचा नदीकडचा भाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर ही नावं दर पुरात येतात. पण एका नावाखालचा सगळा भाग बुडतो असं नसतं. एकाच सोसायटीत पुढची ओळ कोरडी आणि मागच्या ओळीत कमरेइतकं पाणी, असंही होतं. म्हणून भागाचं नाव नको, प्लॉट विचारा.

विचारायचं कोणाला? दलालाला नको. तो सांगेल की 2025 मध्ये नदी खोल आणि रुंद केली, आता काळजी नाही. काम झालं हे खरं आहे, पण तेवढ्यावर डिपॉझिट देऊ नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा की 2024 मध्ये दुकानातला माल कुठल्या फळीपर्यंत भिजला. वॉचमनला विचारा की गाड्या कुठे नेऊन लावल्या होत्या. जिन्याखालची भिंत बघा; रंग दिला तरी ओलीची रेघ पुन्हा वर येते. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत, पाण्याची मोटर आणि जनरेटर तळघरात आहेत का, लिफ्ट बंद पडली तर आजी-आजोबा चौथ्या मजल्यावर किती दिवस बसून राहतील, हेही बघा. आणि नदी लांब आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. शहरात पावसाळी नाले आहेत, त्यांना इथे ‘कांस’ म्हणतात: भुखी कांस, रूपारेल कांस वगैरे. नदी भरली की हे नाले उलटे फिरतात. घराच्या मागे भिंत असेल तर भिंतीपलीकडे काय आहे ते वाकून बघा.

मगरींचं विचाराल, तर हो, आहेत. विश्वामित्रीत पूर्वीपासून आहेत आणि पुरात वस्तीत येतात. एरवी त्या सहसा माणसांच्या वाटेला जात नाहीत, पण नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्याचं टेनामेंट घेणार असाल आणि मूल लहान असेल तर वरचा मजला बघा. (टेनामेंट म्हणजे इथलं बैठं, जोडून बांधलेलं घर. अंगण मिळतं, झोपाळा टांगता येतो, म्हणून मराठी मंडळींना लगेच भुरळ पडते.)

नळाचं पाणी दुसरं. शहराच्या पूर्व भागाला मोठ्या प्रमाणावर आजव्याचं पाणी येतं. सयाजीराव महाराजांनी बांधवलेला हा तलाव सव्वाशे वर्षांहून जुना आहे. बाकी बराच पुरवठा मही नदीतून होतो. भायली, सेवासी, बिल, उंडेरा, वेमाली ही गावं 2020 मध्ये महापालिकेत आली. तिथल्या नव्या इमारती देखण्या आहेत, रस्ते रुंद आहेत, पण “पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं?” हे विचारल्याशिवाय सही करू नका. बोअरचं असेल तर नळाच्या तोटीवरचा पांढरा थर बघितला की उत्तर मिळतं. पाईपचा गॅस आहे का, हे त्याच फेरीत विचारून घ्या.

शाळेचं काम घराच्याही आधी सुरू करा. सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, गुजरात बोर्डाचं जूनमध्ये. पहिलीसाठी गुजरातमध्ये 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात ही मर्यादा 31 डिसेंबर आहे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होणारं मूल पुण्यात पहिलीत बसतं, आणि तेच बडोद्यात बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. ऐनवेळी कळलं की घरात वाद होतात, तेव्हा आधी कळू द्या. दुसरं, 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या शाळांना शिकवावा लागतो, बोर्ड कुठलंही असो. लहान मुलं खेळता खेळता शिकतात, त्यांची चिंता नको. सातवीत येणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या वर्षी काय सवलत देता, हे प्रवेशाआधी शाळेला विचारा.

खाजगी शाळांच्या फीवर 2017 च्या कायद्याने समिती नेमली आहे. शाळेची मंजूर फी किती ते मागून घ्या. वर्ग सकाळच्या पाळीत की दुपारच्या, हेही विचारा. दोन मुलं दोन पाळ्यांत गेली की आईचा किंवा आजोबांचा दिवस दारात उभं राहण्यातच जातो. केंद्रीय विद्यालयं शहरात आहेत, केंद्र सरकारी नोकरीवाल्यांनी तिथून सुरुवात करावी. जुन्या शाळेतून एलसी, आधार आणि मार्कशीट घेताना नावाचं स्पेलिंग तिन्हींवर एकच आहे ना ते बघा. गुजरातीत नाव लिहिताना ते आणखी एकदा बदलणार आहे, त्यात आपली भर नको.

मराठी वस्ती कुठे, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, बाबाजीपुरा, वाडी ही जुनी ठिकाणं. तिथली पुढची पिढी मांजलपूर, कारेलीबाग, तरसाली, वाघोडिया रोड अशी पसरली. जुन्या भागात आई-वडील रमतात: मांडवीजवळचं विठ्ठल मंदिर, गणपतीत दांडिया बाजार, कानावर मराठी. पण चारचाकी असेल तर तिथे राहू नका, गाडी लावण्यावरून पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांशी वाकडं येईल. आणि केवळ मराठी शेजार हवा म्हणून ऑफिसपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणंही मला पटत नाही. बडोद्यात मराठी माणूस शोधावा लागत नाही. 2018 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे भरलं, मराठी वाङ्मय परिषद इथे काम करते, आणि भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करणारी शेजारीण फोनवर “अगं ऐक ना” म्हणते तेव्हा कळतं.

सोसायटीचे नियम तोंडी असतात, म्हणून तोंडानेच स्पष्ट विचारावेत. मासे-मटण खाणारे असाल तर पहिल्याच भेटीत सांगा. बऱ्याच सोसायट्यांत चालत नाही, काहींत चालतं पण बोललं जात नाही. लपवून राहण्यात रोजचा ताप आहे. कुकरच्या वासाने दार लावून घ्यायचं, कचरा अंधारात टाकायचा, असलं जगणं मुलांसमोर नको. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद घरमालकाने करायची असते. केली का ते विचारा आणि प्रत घ्या. पहिल्याच वर्षी घर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. घ्यायचंच ठरलं तर तो भाग अशांत धाऱ्याखाली (दंगलींची भीती असलेल्या भागांतल्या मालमत्ता व्यवहारांवरचा गुजरातचा कायदा) येतो का ते पाहा, कारण तिथे विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते.

घर बघायला एकदा शाळा सुटण्याच्या वेळी जा आणि एकदा रात्री. शाळा सुटताना रस्त्यावरची ढोरं, रिक्षा, ॲक्टिव्हा आणि मुलं एकत्र कशी चालतात ते दिसेल. रात्री रस्त्यावर दिवे आहेत का, बायका जेवून फेऱ्या मारताना दिसतात का, ते बघा; माझ्या मते भाग राहण्यासारखा आहे की नाही याची ही सगळ्यात खात्रीची खूण. जवळ मोकळं मैदान दिसलं तर नवरात्रात तिथे गरबा असतो का विचारा. नऊ रात्री खिडक्या हादरतील आणि सोसायटीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागेल. मुलं दहावी-बारावीत असतील तर हा प्रश्न छोटा नाही. मुलं पाचवी-सहावीत असतील तर हेच मैदान तुम्हाला शोधून घ्यावंसं वाटेल. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर मे महिन्याचा विचार करा, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. मात्र गच्चीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारा, कारण उत्तरायणाला 14 आणि 15 जानेवारीला अख्खं बडोदं गच्चीवर असतं. त्या आठवड्यात स्कूटरला मांज्यापासून बचावाची तार लावून घ्या.

सामान हलवण्याचा दिवस सोसायटीला आधी कळवा. काही ठिकाणी लिफ्टमधून फ्रीज-कपाट नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. एमएच नंबरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल तर जुन्या आरटीओची एनओसी निघतानाच मागून ठेवा. नंतर त्यासाठी रजा टाकून परत जावं लागतं. आणि शक्य असेल तर बिऱ्हाड जुलै-ऑगस्टमध्ये हलवू नका. शाळेमुळे जूनमध्येच यावं लागलं, तर निदान पहिला पावसाळा वरच्या मजल्यावर भाड्याने काढा, कुठल्या रस्त्याला पाणी साचतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि दिवाळीनंतर पक्कं घर शोधायला निघा.