सम्पमध्ये प्रोटीन स्किमर बसवताना पाण्याची पातळी आधी ठरवा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीखालील सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या खालच्या टाकीत, स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) बसवताना यंत्राच्या किमतीपेक्षा त्याच्याभोवतीच्या पाण्याची खोली अधिक महत्त्वाची असते. उत्पादकाने सांगितलेली खोली, जी अनेक मॉडेल्समध्ये साधारण १५ ते २५ सेंटीमीटर असते, आडभिंतीसारख्या काचेने पातळी स्थिर ठेवलेल्या आणि टाकीतून येणारे पाणी प्रथम जेथे पडते अशा कप्प्यातच मिळवावी. रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात स्किमर कधीही ठेवू नये, कारण बाष्पीभवनाची सारी घट तेथेच दिसते आणि पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत ती बरीच असते. ही घट आरओचे गोडे पाणी घालून भरून काढावी, खारे पाणी घालून नव्हे. कप्पा खोल असल्यास स्किमरखाली प्लॅस्टिकच्या जाळीचा भक्कम पाट द्यावा.

नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस, क्वचित काही आठवडे, मनासारखा फेस देत नाही. या काळात फेसाची उंची कमी-जास्त करणारी झडप रोज फिरवत बसण्याची सवय माझ्या मते सर्वांत घातक आहे. एका वेळी किंचित बदल करून निदान एक दिवस थांबावे.

वीज गेल्यावर टाकीतील पाणी सम्पमध्ये उतरते आणि वीज परतताच वाढलेल्या पातळीमुळे स्किमरचा घाण फेस साठवणारा कप भरून वाहू शकतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणाऱ्या भागांत स्किमर रिटर्न पंपानंतर काही मिनिटांनी सुरू होईल अशी टायमरची सोय करावी. कपाच्या निचरा-नळीला वेगळी बरणी जोडावी.